वीजवाहिनीजवळची झाडे : किती अंतर ठेवावे, कोणी तोडावे आणि कसे तोडावे

आपण कळवलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या परसाच्या पूर्वेकडच्या गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्ट दाबाची, उघड्या तारांची वाहिनी जाते. तिच्याजवळ एक जुना रायवळ आंबा, दोन माड आणि माणगा बांबूचे एक बेट आहे, तर खांबावरून घरात वीज आणणारी सर्व्हिस वायर फणसाच्या फांद्यांमधून येते. दरवर्षी मे महिन्यात आंब्याचे शेंडे मारले जातात आणि दिवाळीपर्यंत नवी फूट पुन्हा तारेपाशी पोहोचते. गेल्या पावसाळ्यात पानांजवळ ठिणग्या दिसल्या, तेव्हापासून शेजारी सुचवत आहेत की लाईट गेलेली असताना एखाद्या गड्याकडून फांद्या तोडून घ्याव्यात. किती अंतर पुरेसे, तोडायचे कोणी, माड ठेवावेत की नाही आणि झाड जगेल अशी छाटणी कोणती, असे आपले प्रश्न आहेत. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ वितरण वाहिन्यांच्या देखभालीत आणि त्यांच्याखालच्या झाडांच्या छाटणीत गेला आहे, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

सर्वांत आधी शेजाऱ्यांच्या सूचनेबद्दल, कारण जीव जातो तो याच ठिकाणी. घरातली लाईट गेली म्हणजे गडग्यावरची तार मेली, असे मुळीच नसते. आपल्या घराला वीज लघुदाबाच्या वाहिनीतून येते. डीपीवरचा, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला तरी घर अंधारात जाते, आणि त्याच वेळी वरची ११ केव्हीची वाहिनी पूर्ण दाबाने चालू असते. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी मुख्य वाहिनी) वेगळे असतील, तर एकाची वीज गेल्यावरून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही. भारनियमनासाठी महाराष्ट्रात अनेक वर्षे सिंगल फेजिंगची, म्हणजे तीन फेजऐवजी केवळ सिंगल फेज पुरवठा चालू ठेवण्याची, पद्धत वापरली गेली. त्या वेळेत शेतातला तीन फेजचा पंप चालत नसे, परंतु तारांवर दाब असेच, आणि पंप बंद आहे म्हणून वाहिनी बंद आहे असे समजून लोक झाडावर चढत. भारनियमन नसतानाही, वाऱ्याने फीडर ट्रिप झाला तर उपकेंद्रातला ऑपरेटर थोड्या वेळात तो पुन्हा चालू करून पाहतो. आपल्या परसात कोणी फांदीवर बसलेले आहे, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. याशिवाय एखाद्या दुकानातला किंवा लग्नमंडपातला जनरेटर चेंजओव्हर स्विच (बाहेरचा पुरवठा तोडून मगच जनरेटर जोडणारा स्विच) न लावता जोडलेला असेल, तर त्याची वीज उलट दिशेने डीपीत शिरते आणि जो ट्रान्सफॉर्मर एरवी दाब उतरवतो, तोच तो चढवून वरच्या तारेवर हजारो व्होल्ट उभे करतो.

म्हणूनच वीज कर्मचारी स्वतः काम करताना केवळ स्विच उघडून थांबत नाहीत. उपकेंद्राकडून परमिट, म्हणजे काम करण्याची परवानगी, घेतले जाते, एबी स्विच (तिन्ही तारा एकदम तोडणारा खांबावरचा स्विच) उघडून त्याला कुलूप लावले जाते, तारेवर दाब नाही याची टेस्टरने खात्री केली जाते आणि मग कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा अर्थिंग रॉडने एकमेकींना व जमिनीला जोडल्या जातात. या सगळ्या पायऱ्या होईपर्यंत तारेला चालू समजायचे, एवढा एकच नियम आपल्या घरातल्या प्रत्येकाला आणि कामाच्या गड्याला सांगून ठेवावा. फांदी पातळ आहे, काम दोन मिनिटांचे आहे, कोयत्याला लाकडी मूठ आहे, यांपैकी कोणतेही कारण मान्य करू नये. ओले लाकूड आणि ओला बांबू वीज वाहून नेतात. पावसाळ्यात कोकणात कोरडी काठी मिळतच नाही, असे धरून चाललेले बरे.

आता अंतराबद्दल. वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तार आणि झाड यांच्यातील किमान अंतर ११ केव्हीसाठी २.६ मीटर, ३३ केव्हीसाठी २.८ मीटर, १३२ केव्हीसाठी ४ मीटर आणि २२० केव्हीसाठी ४.६ मीटर दिले आहे. परसातल्या झाडासाठीही हे आकडे आधाराला घ्यावेत. मात्र हे किमान अंतर वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशीही शिल्लक राहिले पाहिजे. छाटणीच्या दिवशी २.६ मीटर मोजून समाधान मानले, तर वाईट दिवशी त्यातले फारच थोडे उरते.

याचे कारण तार स्थिर नसते. दोन खांबांमधला गाळा १०० मीटरचा आणि मधला झोल (तार मध्यभागी जेवढी खाली लोंबते ते अंतर) दीड मीटरचा धरा. अॅल्युमिनियम-पोलादाची तार २५ अंशांनी अधिक तापली तर तिची लांबी पाच सेंटिमीटरसुद्धा वाढत नाही, पण तेवढ्याने मधला झोल सुमारे ४० सेंटिमीटरने वाढतो. हे तापणे केवळ उन्हाचे नसते, तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचेही असते, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी सगळीकडे पंखे आणि पंप चालू असताना तार सर्वांत खाली येते. वारा सुटला की हीच तार आडवी झुलते. वितरणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या रॅबिट नावाच्या तारेचे वजन मीटरमागे सव्वादोनशे ग्रॅमही नाही, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात ती गाळ्याच्या मध्यभागी मीटरभराहून अधिक बाजूला सरकते. खांबाजवळ हे सरकणे जवळजवळ नसते. आपला आंबा खांबाजवळ आहे की गाळ्याच्या मध्यावर, यावर त्याची किती बाजू मोकळी करायची ते ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट छाटणी करणारे बहुधा पाहत नाहीत. फांदीही झुलते, पावसाच्या वजनाने वाकते आणि एका पावसाळ्यात वाढते. हे सारे धरून, उघड्या ११ केव्ही तारेपासून आंब्याची सर्वांत जवळची फांदी छाटणीनंतर सुमारे चार मीटरवर असावी आणि गाळ्याच्या मध्यावर आणखी मोकळीक असावी, असा माझा हिशेब आहे.

झोलाकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी ओहायो राज्यात ३४५ केव्हीच्या तीन वाहिन्या एकामागून एक खाली वाढलेल्या झाडांना लागून बंद पडल्या. त्यांतली पहिली तर आपल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भारावर चालत होती. पुढच्या काही तासांत अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. वाहिन्या ठणठणीत होत्या, त्यांच्याखालची झाडे मात्र वेळेत छाटलेली नव्हती.

आपण पाहिलेल्या ठिणग्यांना मी फार महत्त्व देतो. जमिनीवर पडलेली तार किंवा फांदीला टेकलेली तार फीडर आपोआप बंद पाडेल, असा पुष्कळांचा विश्वास असतो. फांदी तारेला लागते तेव्हा झाडातून जमिनीत जाणारा प्रवाह पुष्कळदा इतका लहान असतो की उपकेंद्रातल्या यंत्रणेला तो भाराच्या रोजच्या चढउतारापेक्षा वेगळा ओळखू येत नाही. माणसासाठी मात्र तो लहान नसतो. घरात लावतात तो गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरला सुटतो, कारण त्याच्या पुढचा प्रवाह हृदयाला घातक ठरू लागतो. ११ केव्हीच्या एका तारेचा जमिनीशी दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो आणि ओल्या सालीतून तीस मिलिअँपिअर वाहायला तेवढा दाब सहज पुरतो. ठिणग्या दिसत असताना त्या झाडाच्या बुंध्याला हात लावू नये, त्याखाली गुरे बांधू नयेत, आणि पाऊस चालू असेल तर मुलांना त्या बाजूला जाऊच देऊ नये.

याच विषयाला जोडून एक गोष्ट, जी आंब्याच्या हंगामात दरवर्षी सांगावीशी वाटते. रस्ता सोडून इतरत्र जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेला नियमानुसार जमिनीपासून ४.६ मीटर उंची पुरते. हात वर केलेल्या माणसाची पोहोच दोन मीटर, आणि घळ, म्हणजे आंबे उतरवायची लांब काठी, तीन मीटरची. बेरीज पाच मीटर होते. अॅल्युमिनियमच्या नळीची घळ किंवा झेला वापरणारा माणूस जमिनीवर उभा राहूनही तारेपर्यंत पोहोचतो, आणि त्याचे लक्ष फळावर असल्याने त्याला तार दिसत नाही. शेळ्यांसाठी आकडीने पाला ओढणाऱ्यांचेही तसेच. वाहिनीच्या बाजूचे आंबे गळून पडू द्यावेत. त्या फांद्यांवरच्या फळाचा मोह मनातून काढून टाकावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

छाटणीच्या पद्धतीवर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आपली मूळ अडचण तिथेच आहे. दरवर्षी शेंडे मारले जातात आणि दरवर्षी ते परत येतात, यात झाडाचा हट्ट काही नाही. जाड फांदी मध्येच आडवी तोडली की झाडाने साठवलेले अन्न आणि मुळांचा पुरवठा तसाच राहतो, पाने मात्र नाहीशी होतात. ती भरून काढण्यासाठी कापाखालचे सुप्त डोळे एकदम फुटतात आणि त्यांतून सरळसोट, वेगाने वाढणारे पाणसोट निघतात. एका फांदीच्या जागी आठ-दहा होतात, त्या सगळ्या वर, म्हणजे तारेच्याच दिशेने जातात, आणि सालीलगत फुटलेल्या असल्याने त्यांची पकड कच्ची असते. चार-पाच वर्षांनी त्या जाड झाल्या की वादळात याच फांद्या आधी मोडतात. आडव्या कापाचे तोंड उघडे राहून कुजते आणि कुजलेल्या, जखमी लाकडात खोडकिड्याला घर मिळते. म्हणजे वाहिनी सुरक्षित करण्यासाठी केलेली छाटणी दरवर्षी वाहिनीवरचा धोका वाढवत नेते.

योग्य छाटणीत फांदी मध्येच तोडत नाहीत. तारेकडे जाणारी फांदी मागे जिथे दुसऱ्या, तारेपासून दूर वळलेल्या उपफांदीला मिळते तिथपर्यंत काढतात, आणि ती उपफांदी काढलेल्या फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची आहे ना, हे पाहतात. एवढी जाड उपफांदी असली की मागून येणारा जोर तिच्यात वळतो, सुप्त डोळे फारसे फुटत नाहीत आणि झाड तारेपासून दूर वाढू लागते. अशी उपफांदी नसेल तर संपूर्ण फांदी खोडापासून काढावी. पहिल्या वर्षी हे काम जास्त दिसते आणि झाड एका बाजूने बोडके वाटते. त्यानंतर दोन-तीन वर्षे हलकी छाटणी पुरते. मात्र एका वेळी झाडाच्या जिवंत पालव्याचा चौथा भागच, फार तर, काढावा. आपल्या आंब्याला आजवर शेंडे मारून जे गुच्छ झाले आहेत, ते एका हंगामात सुधारणार नाहीत. प्रत्येक गुच्छातला एखादा बाहेर वळलेला सोट ठेवून बाकीचे दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढावे लागतील.

कापाची जागाही महत्त्वाची आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे दिसते. काप त्या कड्याच्या अगदी बाहेर घ्यावा, कडे स्वतः कापू नये आणि खुंटही सोडू नये. झाडाची जखम आपल्या कातडीप्रमाणे भरून येत नाही. झाड जखमी लाकडाभोवती आतून भिंती उभारून कूज अडवते आणि वरून नवे लाकूड चढवते, हे अमेरिकी वनविभागातील अॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले. ही भिंत उभारण्याची ताकद त्या फुगीर कड्यात असते. वजनदार फांदी असेल तर आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग थोडे पुढे वरून काप घेऊन फांदी पाडायची आणि शेवटी उरलेला खुंट कड्याबाहेर कापायचा, म्हणजे साल खोडापर्यंत फाटत नाही. वाहिनीजवळ मात्र फांदी नुसती सोडून देता येत नाही. ती दोराने बांधून, तुकड्यातुकड्यांनी उतरवावी लागते. कापाला डांबर किंवा ऑइल पेंट लावू नये. कोकणातल्या बागायतदारांच्या सवयीप्रमाणे आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली तर माझी हरकत नाही, तो लेप बुरशीसाठी आहे.

वेळेबद्दल म्हणाल तर मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, दसऱ्यानंतर करावी असे माझे मत आहे. त्या वेळी पावसातली वाढ डोळ्यांपुढे असते आणि पुढच्या पावसापर्यंत झाडाला जखम आवरायला सात-आठ महिने मिळतात. त्या फांद्यांवरचा मोहोर जाईल, हे स्वीकारावे लागेल. वळवाच्या आधी, एप्रिलमध्ये दुसरी पाहणी करून फक्त तारेकडे झुकलेले सोट काढावेत, आणि त्या दिवसांत घरटी असतात, म्हणून आधी झाड नीट पाहून घ्यावे. सगळे काम मे अखेरीस ढकलले की एका टोळीवर शेकडो झाडांचा भार येतो आणि मग शेंडे मारण्यापलीकडे काही होत नाही.

माडांना यातले काहीच लागू पडत नाही. माडाला वाढीचे टोक एकच असते. ते छाटले की माड मरतो, आणि मेलेला माड वाहिनीशेजारी उभा ठेवणे हा आणखी मोठा धोका. पूर्ण वाढलेल्या बाणवली (उंच जातीच्या) माडाची झावळ पाच-सहा मीटर लांब असते आणि जवळजवळ दर महिन्याला एक वाळून गळते. तारेपासून आडव्या रेषेत सहा मीटरच्या आत उभ्या असलेल्या माडाची झावळ कधी ना कधी तारेवर पडणारच. तेव्हा आपण दोन्ही माडांचे अंतर मोजावे. जो सहा मीटरच्या आत असेल, तो वाहिनी बंद करून, शेंड्यापासून तुकडे उतरवत काढून घ्यावा, असेच मी सांगेन. माड काढायला सांगताना मलाही बरे वाटत नाही, पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली परिसरात माड-पोफळी वाहिन्यांवर पडून खांबांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली, हे कोकणाने पाहिले आहे. दूरच्या माडाच्या वाळलेल्या झावळ्या आणि नारळ पावसाआधी उतरवून घेतले की पुरे.

माणग्याचे बेट वाहिनीपासून त्याच्या काठीच्या उंचीएवढ्या अंतरावर नसेल तर वाहिनीकडची बाजू समूळ काढावी. बांबूचा नवा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो आणि पावसाने भिजून वाकतो, त्यामुळे मे महिन्यातली पाहणी तिथे निरुपयोगी ठरते.

फणसातून येणाऱ्या सर्व्हिस वायरवर आवरण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाऱ्यात फांदी घासून आवरण झिजते आणि एक दिवस आतली तार ओल्या फांदीला टेकते. रस्त्यावरच्या एबी केबललाही (आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारांनाही) हीच गोष्ट लागू आहे. फणसाच्या फांद्या मीटरभर मागे घेणे, किंवा वायरची वाट बदलून ती दुसऱ्या बाजूने घराला आणणे, यांतला दुसरा उपाय मला अधिक आवडतो. ते कामही खांबावरचा फ्यूज काढून लाईनमननेच करावे.

परवानगीचा भाग थोडक्यात. नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू असतो आणि झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा व फणस दोन्ही येतात, माड येत नाही. म्हणजे आंबा समूळ काढायचा झाल्यास अर्ज करावा लागेल, पण माझ्या मते त्याची गरज नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६८ नुसार वाहिनीला अडथळा करणारे झाड काढण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, आणि झाड वाहिनीच्या आधीपासून तिथे असेल तर मालकाला वाजवी भरपाई देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. आपला रायवळ वाहिनीपेक्षा जुना असेल तर हे अर्जात अवश्य लिहावे. भरपाई मागायची नसली तरी, झाड आधीचे आहे हे कागदावर असले की छाटणी जरा जपून होते.

तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी शाखा कार्यालयात लेखी अर्जही द्यावा. त्यात फीडरचे किंवा डीपीचे नाव, दोन्ही बाजूंच्या खांबांवरचे क्रमांक, झाडाची जात, अंदाजे अंतर, ठिणग्या केव्हा दिसल्या आणि आपली छाटणीला संमती आहे, एवढे लिहून दिवसाउजेडी दुरून काढलेले छायाचित्र जोडावे. अंतर मोजताना तारेकडे काठी किंवा टेप कधीही उचलू नका. जमिनीवर तारेची सरळ खालची जागा पाहून तिथून बुंध्यापर्यंत आडवे मोजा. छाटणीच्या दिवशी आपण हजर राहावे आणि कुठल्या फांद्या कुठपर्यंत काढायच्या हे आदल्या दिवशी जमिनीवरून दाखवून द्यावे. मालक आपुलकीने उभा असला की कर्मचारीही काप नीट घेतात, असा माझा अनुभव आहे.

आणि वादळात कधी तार तुटून परसात किंवा झाडावर पडली, तर ती मृत दिसली तरी दहा मीटरच्या आत कोणी जाऊ नये. आपण आधीच जवळ असाल तर पावले न उचलता, दोन्ही पाय एकमेकांजवळ ठेवून जमिनीवरून सरकवत दूर जावे, कारण जमिनीतही दाब पसरलेला असतो आणि लांब टांग टाकली की तो पायांतून वाहतो. कोणाला शॉक लागलेला दिसला तरी पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये. हे सांगताना फार जड वाटते, पण धावून गेलेला दुसरा माणूस दगावल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत.

काढलेल्या माडाच्या जागी काय लावावे, असेही आपण विचारले आहे. तारेच्या थेट खाली आणि दोन्ही बाजूंना चार मीटरपर्यंत जे सहजी तीन मीटरच्या आत राखता येते तेच लावावे : कढीपत्ता, तगर, जास्वंद, अनंत, कामिनी, लिंबू, डाळिंब. ठेंगू जातीचा माड लावण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या, तोही वय झाल्यावर तारेच्या उंचीला पोहोचतो. शेवगाही नको, तो दोन वर्षांत वर जातो, फांदी ठिसूळ असते आणि शेंगांसाठी कोणीतरी आकडी घेऊन येतेच. खांबाच्या आणि त्याला ताणून धरणाऱ्या ताणतारेच्या बुडाशी वेल लावू नका व आपोआप आलेली वेल लहान असतानाच मुळाशी उपटून टाका. ती ताणतारेवरून वर चढलेली असेल तर तिला हात न लावता लाईनमनला कळवा. नवा माड लावायचाच असेल तर पश्चिमेच्या बाजूला, वाहिनी आणि घर दोन्हींपासून आठ मीटर अंतर सोडून लावावा.